येडपट कोणाला म्हणू नये

मराठी माणसाला शहाण्याचे कौतुक फार. पण शब्द मात्र त्याने वेड्यासाठी जास्त घडवले आहेत. शहाणा, हुशार, चतुर, चाणाक्ष अशी चारदोन नावे घेतली की शहाण्यांची पंगत उठते. त्यातला ‘शहाणा’ तर आपण निम्म्या वेळा शिवीसारखाच वापरतो. ‘मोठा शहाणा लागून गेलास!’ हे वाक्य कोणाच्या सत्कारसमारंभात उच्चारले गेल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. उलट दुसऱ्या पंगतीत बघा. बावळट, भोळसट, खुळचट, धांदरट, वेंधळा, गबाळा, चक्रम... पाने मांडता मांडता वाढपी दमावेत. आणि या पंगतीत पहिल्या पाटावर बसलेला, आमच्या नगरकडचा सर्वांत लाडका शब्द म्हणजे ‘येडपट’. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. कागदावर आम्ही ते लिहितो. तोंडात मात्र अजून ‘नगर’ आहे, आणि नगरच्या तोंडात ‘येडपट’ आहे.

आज मला या शब्दाचे वकीलपत्र घ्यायचे आहे. कारण त्याच्यावर अन्याय चालला आहे, आणि तो करणारे कोणी गुंडपुंड नसून तुमच्याआमच्यासारखेच शिकलेसवरलेले लोक आहेत.

आधी अशिलाची ओळख करून देतो. वर जी नावे घेतली ती एकाच माणसाची टोपणनावे आहेत असे समजू नका. प्रत्येकाचे खाते वेगळे आहे, आणि हे खातेवाटप मंत्रिमंडळाच्या खातेवाटपापेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे. कपाळावर चष्मा चढवून घरभर चष्मा शोधतो तो वेंधळा. घाईघाईत दुसऱ्याच्या चपला घालून निघतो, आणि त्याही दोन वेगवेगळ्या जोडांतल्या, तो धांदरट. सदऱ्याची गुंडी एक घर चुकवून लावतो तो गबाळा. चारचौघांत नाव विचारले तरी ज्याचे तोंड उघडते पण आत काही हालचाल होत नाही, तो बावळट. ‘सोने दुप्पट करून देतो’ म्हणत दारात आलेल्या माणसाला आधी चहा पाजतो तो भोळसट. खुळचट हा शब्द माणसापेक्षा त्याच्या कल्पनेला जास्त लागतो. चक्रमाचे काय, आज तो काय करील हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

मग येडपट कोण? तर यात आपले नुकसान आहे हे ज्याला धडधडीत दिसत असते, तरी जो ते करतो, आणि करून वर हसतो, तो येडपट.

आमचे एक मामा होते. एकदा एसटीच्या कंडक्टरने सुट्ट्या पैशांच्या गोंधळात त्यांना आठ रुपये जास्त दिले. घरी येऊन हिशेब लागेना, तेव्हा मामांच्या ते लक्षात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा रिक्षा करून स्टँडवर गेले, तो कंडक्टर हुडकून काढला आणि आठ रुपये त्याच्या हातावर ठेवले. रिक्षाचे जाऊन येऊन वीस रुपये झाले. कंडक्टर म्हणाला, ‘‘काय मामा, येडपट का काय तुम्ही? आठ रुपड्यांसाठी एवढं?’’ आणि त्याने मामांना कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला. हा त्या शब्दाचा खरा, खणखणीत उपयोग. त्या ‘येडपट’मध्ये त्या माणसाने मामांना मिठीच मारली होती.

या शब्दाच्या शेवटी जो ‘ट’ आहे त्याच्याकडे जरा लक्ष द्या. तेलकट, मळकट, पोरकट असे शब्द आपल्याकडे आहेत. तेलकट हात म्हणजे तेलाचा डबा नव्हे. तेलाचा नुसता हात लागलेला असतो. मळकट सदरा टाकून द्यायचा नसतो, धुवायचा असतो. पोरकट माणसाला कोणी पाळण्यात घालत नाही. तसेच येडपट म्हणजे वेडा नव्हे. वेडाची एक छटा, कडेकडेने लागलेली. मराठीत या ‘ट’ने पुष्कळांची अब्रू राखली आहे.

आता ‘वे’चा ‘ये’ कसा झाला? काही लोकांना वाटते की हे खेडवळ, अशुद्ध बोलणे आहे. तसे नाही. आमच्याकडे वेळेची येळ होते, गावाच्या वेशीची येस होते, विहिरीची इहीर आणि विस्तवाचा इस्तू होतो. हा नियम आहे, आणि व्याकरणाच्या पुस्तकातल्या पुष्कळ नियमांपेक्षा तो काटेकोर पाळला जातो. पण गंमत पुढेच आहे. वेडा आणि येडा हे सख्खे भाऊ कालांतराने वेगळे निघाले. एखाद्या बाईंना गाण्याचे ‘वेड’ आहे असे कार्यक्रमपत्रिकेवर खुशाल छापा, त्या तुमच्याकडे दोन पदे जास्त म्हणतील. ‘गाण्याचे येड’ असे छापून बघा! एका घराण्यातले असूनही मोठ्या भावाकडे छंद, ध्यास, प्रेम असा सगळा मानाचा कारभार गेला, आणि धाकट्याकडे घरातला चेष्टेचा.

मोठ्या भावाकडे आणखी एक खाते होते, आजाराचे. ते त्याच्याकडून काढून घेतले हे उत्तम झाले. मन आजारी पडलेल्या माणसाला आपण पिढ्यान्पिढ्या ‘वेडा’ म्हणत आलो. इंग्रजांचा १९१२ चा कायदासुद्धा वेड्यांचा म्हणूनच ओळखला जाई. पुढे तो गेला, त्याच्या जागी १९८७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आला, आणि २०१७ साली त्याहून अधिक माणुसकीचा आला. आता आपण मनोरुग्ण म्हणतो, आणि तेच योग्य आहे. आमच्या जिल्ह्याला ही माणुसकी त्याआधीही दिसली होती. मेहेरबाबांनी १९३६-३७ मध्ये राहुरीला अशा माणसांसाठी आश्रम चालवला होता आणि तिथल्या लोकांना ते स्वतःच्या हाताने आंघोळ घालत. तेव्हा आजाऱ्याची थट्टा करण्यासाठी कोणी माझ्या अशिलाला राबवत असेल, तर त्या गुन्ह्यात माझे अशील सामील नाही. येडपटपणा हा आजार नाही. त्याला औषध लागत नाही, सोबत लागते.

येडपटाची एक कसोटी सांगून ठेवतो. नुकसान कोणाचे झाले ते बघायचे. आमच्या लहानपणी इतिहासाच्या तासाला ‘वेडा महंमद’ भेटत असे. म्हणजे महंमद तुघलक, ज्याने १३२७ साली राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला हलवली आणि दिल्लीकरांना पायपीट घडवली. त्याला वेडा म्हणतात, विक्षिप्त म्हणतात. येडपट मात्र कोणी म्हणत नाही. का? कारण पाय दुसऱ्यांचे झिजले. तो एकटाच सामानाची ट्रंक डोक्यावर घेऊन देवगिरीला चालत आला असता, तर नगरच्या लोकांनी वाटेत त्याला भाकरी दिली असती आणि प्रेमाने येडपट म्हटले असते.

शिवाय हा शब्द समतेचा आहे. येडपट मुलगा, येडपट मुलगी, येडपट पोरं. लिंग बदला, वचन बदला, हा जागचा हलत नाही. आणि आदरार्थी बहुवचनातही तो अवघडत नाही. ‘‘तुम्ही ना, अगदी येडपट आहात!’’ हे वाक्य आमच्या घरी महिन्यातून चारदा तरी होते. त्यात ‘आहात’ने नवऱ्याचा मान राखला जातो आणि ‘येडपट’ने हिशेब चुकता होतो. संसाराला याहून सोयीचा शब्द पाणिनीलाही सुचला नसता.

इतका गुणी शब्द. त्याच्यावर अन्याय कसा होतो ते आता ऐका.

नगर-पुणे एसटी. हा मार्ग साधा नाही. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी याच मार्गावर धावली. तर अशा ऐतिहासिक मार्गावर माझ्या पुढच्या बाकावर एक सुखवस्तू, नीटनेटक्या बाई आणि त्यांचा मुलगा बसले होते. २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मे भाडे, त्यामुळे आईचे तिकीट अर्धे. पाच ते बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निम्मे, म्हणून मुलाचेही त्यांनी अर्धेच मागितले. दोघांत मिळून एकच माणूस प्रवास करत होता म्हणा ना! कंडक्टरने सहज विचारले, ‘‘काय बाळ, कितवं चालूए?’’ बाळाच्या ओठांवर मिसरूड यायच्या बेतात होती. ते उत्साहाने म्हणाले, ‘‘आठवीत आहे. मागच्या महिन्यात तेरा पूर्ण झाली.’’

कंडक्टर हसला. पूर्ण तिकीट फाडले. तो पुढे गेल्यावर बाईंनी मुलाच्या दंडाला एक सणसणीत चिमटा काढला आणि दात आवळून म्हणाल्या, ‘‘येडपट कुठला! कळत नाही का कुठे काय बोलायचं ते?’’

थोड्या वेळाने त्याच बाई शेजारणीला सांगत होत्या, ‘‘गणितात खरं तर पैकीच्या पैकीच मिळायचे, पण सिली मिस्टेक केली हो यानं. दोन मार्क गेले.’’

वाचकहो, या प्रवासात त्या पोराच्या मनात दोन शब्दांचे अर्थ कायमचे ठरून गेले. गणित चुकले तर ती ‘सिली मिस्टेक’; म्हणजे नाजूक, इंग्रजी, माफ करण्याजोगी. आणि खरे बोलला तर तो येडपटपणा, त्याला चिमटा. शब्दांचे अर्थ शब्दकोशात ठरत नाहीत हो, ते असे दंडावर ठरतात. तो मुलगा उद्या मोठा होईल. रात्री अकरा वाजता रिकाम्या चौकात लाल दिवा बघून थांबलेला माणूस त्याला दिसेल, पावती मागून घेणारा गिऱ्हाईक दिसेल, नंबर येईपर्यंत रांगेत उभा राहणारा म्हातारा दिसेल. त्याच्या मनात पहिला शब्द कोणता उमटेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझी तक्रार आहे ती एवढीच. येडपट हा शब्द आपण सरळ माणसाला मारायची काठी म्हणून वापरू लागलो आहोत.

आणि जो खरोखर वेडाचे सोंग घेतो, त्याला काय म्हणतो? त्याला हुशार म्हणतो. त्या सोंगासाठी तर मराठीने एक स्वतंत्र म्हण करून ठेवली आहे, आणि तिचे गावही आमच्याच जिल्ह्यात आहे. वेड पांघरून पेडगावला जाणे! हे पेडगाव श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी आहे. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश हा दख्खनचा सुभेदार. त्याने तिथे छावणी टाकून किल्ला बांधला, तो बहादूरगड. गावोगाव सांगितली जाणारी कथा अशी, की राज्याभिषेकाच्या वर्षीच, १६७४ साली, मराठ्यांची दोन हजारांची एक तुकडी छावणीवर चालून गेली आणि खान समोर येताच येड्यागत उधळून पळत सुटली. खान खूश. सगळी फौज घेऊन तो पाठीमागे लागला. ही पळते, तो धावतो. खान असा लांबवर गेल्यावर सात हजारांची दुसरी तुकडी रिकाम्या छावणीवर पडली आणि कोटीचा ऐवज आणि दोनशे घोडे घेऊन गेली.

या म्हणीतले क्रियापद बघा: पांघरून. वेड तिथे शालीसारखे आहे. काम झाले की घडी करून ठेवता येते. येडपटाचे तसे नसते, त्याची ती कातडीच असते. पण पेडगावच्या त्या पांघरण्याला माझी हरकत नाही, उलट मुजरा आहे. कारण पांघरणारा दुबळा होता आणि छावणी बलाढ्याची होती. आज दिशा उलटी झाली आहे. आज छावणीतला खानच वेड पांघरून गावात येतो.

एका कचेरीत एका साध्या दाखल्यासाठी मी चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेचा संवाद असा:

‘‘साहेब, मी अर्ज दिला होता.’’

‘‘अर्ज? कसला अर्ज बुवा?’’

‘‘ही त्याची पोच.’’

‘‘असं असं. ही सही कोणाची म्हणायची?’’

सही त्यांचीच होती. स्वतःची सही न ओळखण्याइतके निरागस भाव त्या चेहऱ्यावर होते. बाहेर आल्यावर एका जाणत्या गृहस्थांनी मला बाजूला घेतले आणि कळवळून म्हणाले, ‘‘तुम्ही येडपट आहात का हो? एवढं साधं कळत नाही तुम्हाला?’’ आतला माणूस स्वतःची सही ओळखत नव्हता, तो मुरलेला. मी पाकीट ओळखत नव्हतो, म्हणून मी येडपट! मुंबईत या म्हणीची धाकटी आवृत्ती निघाली आहे: येडा बनून पेढा खाणे. पेडगावचा पेढा झाला. पूर्वी वेड पांघरून निदान लढाईवर तरी जात असत. आता सगळा मामला हलवायाच्या दुकानात उरकतो.

पेडगावची आणखी एक आठवण आहे. ती सांगताना हसू आवरून ठेवावे लागते. १६८९ च्या फेब्रुवारीत, संगमेश्वरी पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना औरंगजेबाच्या छावणीत आणले, ते याच बहादूरगडावर. त्यांच्या अंगावर विदूषकाचा पोशाख चढवला, डोक्यावर घुंगरांच्या टोप्या घातल्या आणि उंटावरून धिंड काढली. पुढे ११ मार्चला त्यांची हत्या झाली. पण त्याआधी बादशहाला त्यांचे हसे झालेले हवे होते. जो वाकत नाही त्याला आधी हास्यास्पद करून टाकायचे, हे सत्तेचे फार जुने हत्यार आहे. तो पोशाख त्या वेळी कोणाची अब्रू घेऊन गेला हे आज तीनशेहून अधिक वर्षांनी मला सांगायला नको.

त्या प्रसंगाशी आपल्या किरकोळ आयुष्याची तुलना करण्याइतका मी उद्धट नाही. पण एकाच गावाने आपल्याला दोन गोष्टी दाखवून ठेवल्या आहेत. बलवानाला चकवायला स्वतः वेड पांघरणे ही एक, आणि ताठ उभ्या माणसाला बळेच वेड्याची टोपी घालणे ही दुसरी. एसटीतल्या त्या पोराच्या डोक्यावर आईने घातली ती टोपी लहान मापाची होती, एवढेच. शिंपी तोच.

आणि शेवटी शहाण्यांच्या हाती लागते तरी काय? औरंगजेबाइतका धोरणी, हिशेबी, रात्रीचा दिवस करणारा राजा शोधून सापडायचा नाही. १६८१ साली तो दक्षिणेत उतरला, तो परत गेलाच नाही. १७०७ साली इथेच, नगरला भिंगारजवळ मेला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर अख्खी बादशाही रिकामी झाली. आणि याच जिल्ह्यातल्या शिर्डीला आलेल्या ज्या फकिराला सुरुवातीला काही गावकरी ‘वेडा फकीर’ म्हणत, त्याच्या दर्शनाला आज जगभरचे शहाणे रांग लावतात. रांगेत मागून पुढे घुसायचाही प्रयत्न करतात; शहाणेच ते!

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आरंभीच मूर्खाची लक्षणे सांगितली. तेवढ्याने भागले नाही म्हणून त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खासाठी आणखी एक समास लिहिला. शिकलेल्या माणसाची मूर्खता वेगळीच भरते, हे त्यांनी गावोगाव हिंडून पाहिले होते. येडपटासाठी मात्र त्यांनी समास लिहिला नाही. त्यांना त्यात सुधारण्यासारखे काही दिसले नसावे, असा माझा आपला समज आहे.

तेव्हा माझी मागणी थोडक्यात सांगतो. हा शब्द खेडवळ म्हणून टाकू नका. ‘सिली’मध्ये तो मावत नाही. आजारी माणसाला तो लावू नका. वेड पांघरून आपला दाखला अडवणाऱ्याला तर चुकूनही येडपट म्हणू नका. तो त्या शब्दाचा अपमान आहे. त्याच्यासाठी मराठीत दुसरे, अधिक जोरकस शब्द आहेत आणि ते तुम्हालाही येतात. आणि सरळ माणसाला म्हणायचेच असेल तर मामांच्या त्या कंडक्टरसारखे म्हणा. मागाहून चहा पाजायची तयारी असेल तरच म्हणा.

राहता राहिला तो तेरा वर्षांचा मुलगा. असे पोर घरात असेल तर बापहो, आयांनो, त्याचे पूर्ण तिकीट काढा. नुकसान फार नाही. पुण्यात उतरल्यावर एका वेळच्या खाण्यालाही त्याहून जास्त जातात. तिकीट त्याच्या हातात द्या, जपून ठेवायला सांगा. आणि मग तोंडातून ‘येडपट’ निघालेच तर खुशाल निघू द्या. फक्त चिमटा काढू नका.